खालच्या माणसाचे हात

चौतीस वर्षं मी भिलाईच्या स्टील प्लांटमधी क्रेन चालवली. क्रेन म्हटलं की लोकांले रस्त्यावरची लांब मानेची गाडी आठवते. ती नाही. आमची क्रेन शेडच्या छताखाली रुळांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायची, अन् तिच्या पोटाशी एक काचेची केबिन टांगलेली. त्या केबिनीत मी. खाली मिलमधून निघालेला लोखंडाचा माल, अन् मालाजवळ उभा एक माणूस. त्याले आमच्यात सिग्नलमन म्हणतात. तिथं आवाज असा, की कानाले तोंड लावून बोंबललं तरी ऐकू येत नाही. म्हणून तो खालून हातानं सांगणार अन् मी वरून करणार.

हात वर करून बोट गोल फिरवलं, की माल उचल. बोट जमिनीकडे करून फिरवलं, की उतरव. अंगठा झटकला त्या बाजूले ने. एका हातानं इशारा अन् दुसरा हात त्याच्यापुढं स्थिर धरला, तर तेच कर पण दमानं. एक हात आडवा, पंजा जमिनीकडे, म्हणजे थांब. अन् दोन्ही हात दोन बाजूले पसरून पंजे खाली, म्हणजे जिथं आहेस तिथंच, याच क्षणी, काहीही होवो, थांब. हा शेवटचा इशारा कोणीही केला तर मानायचा असते, झाडू मारणाऱ्यानं केला तरी. बाकीचे मात्र एकाचेच मानायचे. एका क्रेनले एकच सिग्नलमन. दोघं दोन बाजूंनी हात हलवायले लागले तर माल कोणाच्या तरी डोक्यावर जाते.

माझा सिग्नलमन बावीस वर्षं एकच होता. शिफ्टी फिरल्या, साहेब आले अन् गेले, पण आमची जोडी कोणी तोडली नाही. तो भंडाऱ्याकडचा, मी गोंदियाकडचा. दोघांचेही बाप इथं कामाले आले अन् इथलेच झाले. पण दोस्ती म्हणाल तर खरं सांगतो, नव्हती. मी वर, तो खाली. शिफ्ट सुटल्यावर मी जिना उतरेपर्यंत तो सायकल काढून मरोद्याले घराकडे निघालेला असायचा. रविवारी विहारात दिसला तर मान हलवायचा, बस. पहिले सहा महिने तर मले त्याचा आवाजही माहीत नव्हता. एकदा कँटीनमधी मागून कोणीतरी म्हटलं, "भाऊ, सरकता का जरा?" वळून पाहतो तर हा. एवढ्या धिप्पाड माणसाचा आवाज एवढा बारीक असेल असं वाटलं नव्हतं. मले हसू आलं अन् त्याले राग आला.

राग तर मलेही येते, अन् लवकर येते. उन्हाळ्यातली गोष्ट आहे. केबिनीत बसलं की कपाळाचा घाम डोळ्यात उतरायचा. माल जमिनीपासून हातभर उचलला अन् या बावानं थांबचा हात केला. मी थांबलो. एक मिनिट, दोन मिनिटं, हा आपला वाकून वाकून पाहून राहिला. मी हॉर्न दिला. त्यानं हात हलवला नाही. मी वरून जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही, अन् तसंही त्याले ऐकू गेलं नाही. शेवटी त्यानं उतरवायले सांगतलं, अन् माल खाली ठेवल्यावर दाखवलं, माल बांधलेल्या लोखंडी दोराच्या आतल्या तारा तुटलेल्या. शिफ्ट सुटल्यावर मी त्याची माफी मागायले गेलो, अन् तोंडातून निघालं भलतंच, "एवढा वेळ लागते का पाहायले?" तो म्हणाला, "भाऊ, तुमाले वरून माल दिसते. खाली माझे पाय असतात." बावीस वर्षांतलं आमचं सगळ्यात लांब बोलणं हेच. त्यानंतर त्याच्या हातावर मी कधी शंका घेतली नाही.

तो माझ्या सहा महिने आधी रिटायर झाला. मंग मी. शाल, नारळ, हारात मान बुडाली, शिफ्टमधल्या पोरांनी नाचत नाचत स्मृति नगरच्या घरापर्यंत आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, दाढी केली, अन् आरशासमोर उभा राहिलो, की आता काय.

बायको म्हणे, आता आराम करा. आराम आठ दिवसांत संपला. मंग मी तिच्या स्वयंपाकघरात घुसलो अन् डब्यांची जागा बदलली, जड खाली, हलके वर, जसा माल लावतात तसा. तिनं दोन दिवस हळद शोधली अन् तिसऱ्या दिवशी मले बाहेर काढलं. भाजी आणायले पाठवलं तर मी दहा गोष्टी विचाराव्या, कोणती, किती, कोणत्या दुकानातून. ती म्हणाली, "तुमाले दर पावलाले इशारा लागते का?" मले वाईट वाटलं, कावून की बोलणं खरं होतं. जन्मभर कोणीतरी हात हलवला तेव्हा मी हललो होतो. बगिच्यात म्हाताऱ्यांचा हसण्याचा क्लब होता, तिथंही गेलो. कारण नसताना हात वर करून हा हा हा करणं मले जमलं नाही. माझा चेहरा पाहून बाकीच्यांचं हसू बंद व्हायले लागलं, म्हणून मीच जाणं सोडलं.

संध्याकाळी स्कूटर घेऊन सिविक सेंटरले जायचो अन् बाकावर बसायचो. येणारे जाणारे पाहायचो. प्रत्येकाले कुठंतरी पोचायचं होतं. मले भीती वाटायची, की आणखी वीस वर्षं जगलो तर ती अशीच बाकावर बसून काढा लागतील. ही भीती मी कोणाले सांगतली नाही. बायकोले मात्र कळली होती.

अशातच एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर एकानं सांगतलं, "तुमच्या सिग्नलमनचं ऑपरेशन झालं ना. रायपूरले. गळ्यातलं आवाजाचं यंत्रच काढून टाकलं. तंबाखू, दुसरं काय." मी चप्पल घालता घालता थांबलो. तो कँटीनमधला बारीक आवाज मले आठवला. त्यावर मी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मरोद्याले गेलो. बाहेरूनच आतली गडबड ऐकू आली. खाटेवर तो, एका बाजूनं त्याची बायको अन् दुसऱ्या बाजूनं सून, त्याच्या पाठीमागं उशा लावून त्याले बसतं करून राहिल्या होत्या. कधी जास्त वर व्हायचं, कधी कमी. त्याच्या गळ्याले समोरून एक भोक, त्यात नळी, नळीच्या आत दुसरी बारीक नळी. आता श्वास तिथूनच. आतली नळी वेळच्या वेळी काढून धुवावी लागते, नाहीतर कफ सुकून ती बुजते. दवाखान्यात दोघींले ते नीट शिकवलं होतं. पण तो काय म्हणते ते कसं समजायचं, हे कोणी शिकवलं नव्हतं. खाटेवर पाटी पडली होती. तो चौथी शिकलेला, एकेक अक्षर कोरून लिहिणारा. 'पाणी' लिहून होईपर्यंत त्याची तहान मरून जायची. पोरानं मोबाइल दिला होता, तो त्यानं उशीखाली टाकून दिला. घरी येऊन बारा दिवस झाले होते, अन् गेल्या चार दिवसांपासून तो कोणाशी काहीच बोलून राहिला नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, वहिनी म्हणाल्या.

मी दारात उभा. त्यानं मले पाहिलं. मंग चादरीवरून त्याचा उजवा हात वर झाला, बोट गोल फिरलं, अन् डावा हात त्याच्यापुढं येऊन स्थिर झाला. उचल, पण दमानं.

मी विचार केला नाही. पुढं झालो, त्याच्या पाठीखाली हात घातला, अन् डोळे त्याच्या बोटावर ठेवून हळू हळू उचलत गेलो. पंजा आडवा झाला. मी थांबलो. वहिनींनी उशी सरकवली. तो टेकला अन् त्यानं डोळे मिटले. सून म्हणाली, "काका, आपको कैसे पता चला?" मी म्हटलं, "बेटा, बावीस वर्षं याच हातांवर काम केलं."

त्या दिवसापासून मी रोज दहाले जायले लागलो. स्मृति नगरहून मरोदा काही जवळ नाही, पण मले ते अंतर आवडायचं. पुन्हा कामाले निघाल्यासारखं वाटायचं. सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट. बायको डबा भरून द्यायची अन् म्हणायची, "निघाले का ड्यूटीवर?" मी म्हणायचो, हाव.

क्रेनचे इशारे तसे आठ-दहा, पण त्यातून आमचं सगळं निघायचं. अंगठा खिडकीकडे झटकला, की खिडकी उघड. पंखा दमानं. टीव्हीकडे पंजा आडवा, म्हणजे पुरे झाल्या बातम्या. काही नवीनही जोडले. भाजीत मीठ कमी असलं तर चिमूट चोळायची. पोराची आठवण आली तर खांद्यावर हात, कावून की पोरगा रायपूरले नोकरीले, खांद्याले बॅग लावून सकाळच्या लोकलनं जाते अन् अंधार पडल्यावर येते. एकदा विहारातले एक बुजुर्ग भेटायले आले. आजारपण कसं सोसावं यावर ते बोलत होते, बोलत होते, अन् याचं बोट हळूच जमिनीकडे होऊन फिरायले लागलं. उतरव हा माल. मी खोकल्याचं नाटक करून बाहेर पळालो. आत आलो तर त्याचं पोट हलून राहिलं होतं. आवाज नाही, पण हसत होता. वहिनी दारात पदर तोंडाले लावून उभ्या. म्हणाल्या, "भाऊजी, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसले."

हे मी खोटं का बोलू, मी सुखी होतो. त्याचा आजार मले सुख देऊन राहिला होता, हे ऐकायले बरं नाही वाटत, पण तसंच होतं. मी घरात शिरलो की दोघी माझ्याकडे पाहायच्या. "भाऊजी, सकाळपासून काहीतरी सांगून राहिले, पाहा बरं." मी पाहायचो, सांगायचो, त्या करायच्या, अन् त्याचा चेहरा मोकळा व्हायचा. मी कोणाच्या तरी कामाचा होतो. असं काम, जे भिलाईत दुसरं कोणी करू शकत नव्हतं.

पंधरा-वीस दिवसांनी सुनेनं विचारलं. पोरगी हुशार, दुर्गची, मराठी सासरी येऊन शिकलेली. "काका, मुझे भी सिखा दो ना. तुमी गेल्यावर आमाले काहीच समजत नाही." मी काय म्हणावं? मी म्हटलं, "बेटा, एका क्रेनले एकच सिग्नलमन असते, तसा ऑपरेटरही एकच. दोघं दोन अर्थ लावतील तर गडबड होईल. नियम आहे तो." प्लांटचा नियम सांगतल्यावर या गावात कोणी पुढं बोलत नाही. पण त्यानं खाटेवरून माझ्याकडे पाहिलं. तो नियम मालाचा होता, घराचा नव्हता, हे त्यालेही माहीत होतं अन् मलेही. मी खिडकीबाहेर पाहायले लागलो.

घरी बायकोले ही गोष्ट मोठ्या तोऱ्यात सांगतली. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमी त्यांच्यासाठी जाता का तुमच्यासाठी?" मी चिडलो. म्हटलं, उन्हातान्हात एवढ्या दूर जातो, ते काय मजा मारायले? तिनं तव्यावरची भाकरी उलटली. माझं भांडण तसंच हातात राहिलं.

मंग नागपूरले तिच्या भाचीचं लग्न निघालं. चार दिवस जाणं भागच होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याले बोटं दाखवली, चार. त्यानं मान हलवली. सुनेले मी म्हटलं, काही लागलं तर फोन कर. इशारे दाखवून जावे, असं मनात आलं होतं. आलं होतं, म्हणून तर आजही मनाले लागते. मी म्हटलं, चारच दिवस आहेत.

लग्नात मी पंगतीले बसलो, आहेर केला, नातेवाइकांले सांगत सुटलो की मी तिकडे एका आजारी माणसाचं कसं करून राहिलो. लोक वा वा करत होते. फोन आला नाही. मले वाटलं, सगळं ठीक आहे.

परत आलो त्या सकाळी लग्नाचे लाडू घेऊन मरोद्याले गेलो. तो खाटेवर होता, पण उतरलेला, डोळे खोल गेलेले. वहिनींनी लाडू घेतले, आत ठेवले, अन् येऊन खालीच बसल्या. आवाज न चढवता सांगायले लागल्या.

"परवा दुपारी सून पेज घेऊन आली, तर यांनी असे हात केले," अन् त्यांनी आपले दोन्ही हात दोन बाजूले पसरले. बांगड्या कोपराकडे सरकल्या. पंजे खाली. "तिले वाटलं, रागावले. तुमी गेल्यापासून तसेही रुसूनच होते. तिनं वाटी ठेवली अन् म्हटलं, बाबा, थोड्या वेळानं देते, अन् बाहेर गेली. मी वाळलेले कपडे ठेवायले आले. मले काही इशारा-बिशारा समजला नाही, भाऊजी. मी तोंड पाहिलं. ओठ निळे पडले होते. मी आतली नळी ओढून काढली. एवढीशी खपली अडकली होती."

त्यांनी करंगळीच्या नखाएवढं दाखवलं.

माझं डोकं सणकलं. अन् मी काय केलं असेल, तर सुनेवर ओरडलो. "दोन्ही हात पसरले अन् तू निघून गेली? एवढंही समजत नाही?" ती दारात उभी होती. तिचे डोळे भरले. खालच्या आवाजात म्हणाली, "काका, आपने सिखाया कहाँ?"

जो इशारा कोणीही करावा अन् कोणीही मानावा असा होता, झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत, तोच मी एकट्याच्या खिशात घालून नागपूरले लाडू खायले गेलो होतो. प्लांटमधी हे केलं असतं तर मले गेटबाहेर काढलं असतं, अन् बरोबर केलं असतं. मी तिच्यासमोर हात जोडले. म्हटलं, "चुकलं, पोरी." ती आणखीच रडायले लागली. त्यानं खाटेवरून हात वर केला, डावा, माझ्यापुढं स्थिर. दमानं घ्या, भाऊ. मले ते पाहवलं नाही.

त्या दिवशी घरी येऊन बायकोले सगळं सांगतलं. मले वाटलं, आता ही म्हणेल, मी म्हटलं नव्हतं का. तिनं तसं काही म्हटलं नाही. ताट वाढलं अन् म्हणाली, "उद्यापासून शिकवा. आज जेवा."

दुसऱ्या दिवशी मी दोघींले अंगणात उभं केलं. सगळ्यात आधी दोन्ही हात पसरायचा तो इशारा. हा दिसला की हातातलं सगळं टाकायचं अन् आधी नळी पाहायची. दहा वेळा करून घेतला. संध्याकाळी पोरगा रायपूरहून आल्यावर त्यालेही. मंग बाकीचे, एकेक. स्टूल म्हणजे माल, मी म्हणजे क्रेन, सून म्हणजे सिग्नलमन, असं करून ते स्टूल आमी अख्ख्या अंगणात फिरवलं. सुनेनं दोन दिवसांत सगळं उचललं. वहिनींले मात्र लाज वाटायची. "माय वं, शेजारचे पाहून राहिले, म्हणतील बुढी वेडी झाली." हात पदराखालून जेमतेम बाहेर यायचा. मी म्हणायचो, "वहिनी, कोपर सरळ. पंजा खाली." त्या करायच्या अन् हसून पुन्हा सोडून द्यायच्या.

पण आठ-पंधरा दिवसांत पाहतो तर त्यांचं वेगळंच सुरू झालेलं. कोपर बिपर काही नाही. तो बोट उलीसं हलवायचा अन् त्या उठायच्या. मी म्हणायचो, हा इशारा असा नसते. एकदा मी असाच त्यांले दुरुस्त करून राहिलो होतो, तर त्यानं माझ्याकडे पंजा आडवा केला. थांब. राहू दे तिले. मी राहू दिलं.

महिन्याभरात असं झालं, की मी दहाले जाऊन बसायचो अन् माझ्याकडे कोणी पाहायचंच नाही. तो चिमूट चोळायच्या आधीच सून मिठाची वाटी आणायची. एकदा त्यानं अंगठा झटकला, मी उठेपर्यंत वहिनींनी खिडकी उघडूनही टाकली होती. मले आनंद झाला. खरंच झाला, त्याले आता चोवीस तास बोलता येत होतं, सगळ्यांशी. पण त्या आनंदाले एक काटा होता, अन् तो मी लपवून काय फायदा. चहा घ्यायचा, पेपर पाहायचा अन् एक वाजला की उठायचं. आलेला पाहुणा असते ना, तसा.

मंग मी जाणं सोडलं. ठरवून नाही. एक दिवस स्कूटरची सर्विसिंग होती, दुसऱ्या दिवशी बँकेत काम काढलं, तिसऱ्या दिवशी काही कारणच शोधलं नाही. बायकोनं विचारलं, "आज ड्यूटी नाही का?" मी म्हटलं, "त्यांचं चालून राहिलं आता माझ्याशिवाय." तिनं डबा भरायले घेतला होता, तो हळूच बाजूले ठेवला. दुपारभर मी पडून राहिलो. झोप काही आली नाही. जी भीती घेऊन मी सिविक सेंटरच्या बाकावर बसायचो, ती पुन्हा घरात येऊन बसली होती. मी मनाले समजावत होतो, की बाबा, काम संपलं, चांगलं संपलं, आणखी काय पायजे तुले. मन काही ऐकत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. त्या मले कधी फोन करत नाहीत. "भाऊजी, या जरा. हे बोलावून राहिले." मी विचारलं, "नळी?" त्या म्हणाल्या, "या तर." मी डबाही घेतला नाही. स्कूटर कशी चालवली मले आठवत नाही, सुपेल्याच्या गर्दीत एका ऑटोवाल्यानं शिव्या दिल्या तेवढं आठवते.

पोचलो तर तो ओट्यावर बसलेला. अंगात धुतलेला सदरा, गळ्यावर पांढरा जाळीचा रुमाल. वहिनी बाजूले लसूण सोलून राहिल्या होत्या. घरात सगळं शांत. मी धापा टाकत म्हटलं, "काय झालं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं अन् हात हलवला. दोन बोटांनी शेजारच्या खुर्चीच्या हातावर टकटक केलं, मंग पंजा उलटा करून आपल्याच मांडीवर ठेवला, रिकामा, वर पाहणारा. मी थांबलो. पुन्हा त्यानं तेच केलं. मी मनात सगळे इशारे पालथे घातले. क्रेनचा हा नव्हता. आमी दोघांनी जोडलेल्यांतलाही नव्हता. बावीस वर्षं ते हात मी वाचले होते, अन् आज मले एक अक्षर लागून राहिलं नव्हतं.

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी लसणातून मान वर केली नाही.

"तो आमच्या दोघांतला आहे," त्या म्हणाल्या. "मी स्वयंपाकातून उठून यावं असं वाटलं की करतात. ते म्हणून राहिले, काम काही नाही. तरी या."

बावीस वर्षांत त्यानं मले कामाशिवाय एकदाही बोलावलं नव्हतं. मी खुर्ची ओढली अन् बसलो.